तरुण संघ चालवणाऱ्या ताई-दादांसाठी: सेवेत टिकून राहण्याची तयारी

सोमवार ते शनिवार बँकेत, शाळेत, दवाखान्यात किंवा कंपनीत राबायचं आणि रविवारी उपासना आटोपली की आठवीपासून कॉलेजपर्यंतच्या मुलामुलींना घेऊन मागच्या खोलीत बसायचं, अशी सेवा आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये कितीतरी जण करतात. पगार नसतो. पद असलं तरी नावापुरतं असतं. मुलांनी खुर्च्या नीट लावल्या नाहीत तर बोलणी मात्र ह्यांनाच बसतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या मंडळीत असे सेवक आहेत त्या पाळकांसाठी आणि पंचांसाठीही.

ही सेवा सोडणारे सहसा भांडून सोडत नाहीत. ‘सध्या जमत नाही’ म्हणतात आणि हळूच बाजूला होतात. मुलं ऐकत नाहीत, मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, अशी कारणं पुढे केली जातात. माझं मत वेगळं आहे. मुलांमुळे माणूस क्वचितच थकतो. सगळा भार एका जिवावर पडतो आणि केलेलं कुठे रुजतंय का हे कधी दिसत नाही, ह्या दोन गोष्टी त्याला थकवतात. दोन्हींची आधीच सोय करता येते. ती कशी करायची ते पुढे पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: थकलेलं असताना निर्णय घेऊ नका

बायबलमधल्या ‘१ राजे’ ह्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय दर वर्षी एकदा तरी शांतपणे वाचावा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळालेला एलीया संदेष्टा थोड्याच दिवसांत रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही, रागावतही नाही. देवदूत त्याला उठवतो आणि निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी देतो. तो खातो, पुन्हा झोपतो. देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो. ‘मी एकटाच उरलो आहे’ हे त्याचं म्हणणं त्यानंतर ऐकून घेतलं जातं. उत्तरात त्याला सात हजार विश्वासणाऱ्यांची खबर मिळते आणि अलीशा नावाचा तरुण सोबती मिळतो. आधी झोप आणि जेवण, मग बोलणं, मग जोडीदार, हा क्रम देवाने स्वतः घालून दिलेला आहे.

आपल्याकडे थकव्याचे दोन मोसम ठरलेले असतात. पहिला नाताळचा. नोव्हेंबरात नाटिकेच्या तालमी सुरू होतात, मग घरोघरी गाण्यांची फेरी, चोवीसची रात्र, पंचवीसची उपासना, एकतीसची जागरणाची उपासना आणि एक तारखेची नववर्षाची. दुसरा मे महिन्यातला, सुट्टीतल्या बायबल शाळेचा आणि शिबिराचा. हे संपल्यानंतरच्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक सेवकाला ‘आता पुरे’ असं वाटतं. म्हणून एक नियम करून ठेवा: जानेवारीचे पहिले दोन रविवार संघाची सभा नाही. आधीच जाहीर करा, म्हणजे कोणी नावं ठेवणार नाही. आणि सेवा सोडण्याचा विचार डोक्यात आला तरी जानेवारी संपेपर्यंत कोणाजवळ काढू नका. फेब्रुवारीतही तो तसाच असेल तर मग प्रार्थनेने आणि विचाराने ठरवा.

दुसरी पायरी: जोडीदार शोधा, आणि विचारणारं माणूसही

येशूने बारा जणांना पाठवलं ते दोघादोघांना. आपण मात्र एकाच्या गळ्यात तरुण संघ घालतो आणि ‘प्रभू सामर्थ्य देईल’ म्हणून मोकळे होतो. मुलं आणि मुली दोन्ही असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री असे किमान दोघे सेवक हवेतच. एक आजारी पडला तर दुसरा असतो, एवढंच कारण नाही. सभेनंतर दहा मिनिटं उभं राहून ‘आज तो गप्प होता, नाही का?’ असं म्हणायला कोणीतरी लागतं.

जोडीदार मागताना उपासनेतल्या सूचनांमध्ये ‘इच्छुकांनी नावं द्यावीत’ अशी घोषणा करू नका. त्याने कोणी येत नाही, आणि येतो तो टिकत नाही. नजरेत असलेल्या माणसाच्या घरी जा आणि मुदत घालून विचारा: ‘जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, महिन्यातले दोन रविवार माझ्यासोबत बसशील का? बोलायचं काही नाही, फक्त मुलांची ओळख करून घ्यायची.’ मुदत असली की माणूस घाबरत नाही. ऑक्टोबर येईपर्यंत मुलं त्याला नावाने हाक मारायला लागलेली असतात.

ह्याखेरीज एक वयाने मोठं माणूस हवं. पाळकसाहेब असतील तर उत्तम, पण निवृत्त शिक्षिका, पाळकीणबाई किंवा शेजारच्या मंडळीतले वडीलही चालतील. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे चहाला जायचं. हजेरी किती होती हे त्यांनी विचारायचं नाही. त्यांनी विचारायचं ते तुमच्याबद्दल: झोप होते का, घरी वेळ देता का, स्वतःसाठी पवित्र शास्त्र वाचता की फक्त सभेच्या तयारीसाठी? शेवटचा प्रश्न टोचतो. तो कोणीतरी नेमाने विचारत राहिलं पाहिजे.

तिसरी पायरी: हजेरीपुस्तक नव्हे, नावांची वही

ह्या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण सेवकाला धीर देणारं ह्याहून उपयोगी साधन मला ठाऊक नाही.

हजेरी वरखाली होत राहते. क्लासला सुट्टी असली की पंचवीस मुलं येतात, युनिट टेस्ट असली की सहा. त्या आकड्यावर मन टांगून ठेवलं तर ते दर आठवड्याला हेलकावे खाणारच. त्याऐवजी शंभर पानी साधी वही घ्या. प्रत्येक सेवकाने सहा ते आठ नावं आपली म्हणून घ्यायची आणि एकेकाला चार पानं द्यायची. बाकीची मुलं जोडीदाराची. बायबलमधल्या निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रोने आपल्या जावयाला, मोशेला, हेच सुचवलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच बसलास तर तूही थकशील आणि लोकही, असं सांगून त्याने दहा-दहा माणसांवरही नायक नेमायला लावले.

एका मुलाच्या पानावर काय असावं? समजा, असं काही:

‘दहावी, सेमी इंग्रजी. गणिताची धास्ती. वडील चाकणला कंपनीत, पंधरवड्याने घरी येतात. ढोलकी छान वाजवतो, पण उपासनेत वाजवायला लाजतो. आजीशी खूप जवळीक. जुलै: सभेत एकदाही बोलला नाही. ऑगस्ट: आजीच्या ऑपरेशनसाठी प्रार्थनेची विनंती केली, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा.’

बस. दोन-तीन महिन्यांतून एखादी ओळ पुरते. मुलाने विश्वासाने सांगितलेलं गुपित, कुणाचं प्रेमप्रकरण, घरातली भांडणं ह्यांतलं काहीही लिहायचं नाही. वही हरवली आणि कोणाच्या हाती लागली तरी मुलाची मान खाली जाऊ नये, एवढं भान ठेवूनच लिहा. रोज सकाळी दोन नावं घेऊन प्रार्थना करा, म्हणजे आठवड्यात सगळ्यांची एक फेरी होते. वर्ष सरल्यावर एखाद्या उदास संध्याकाळी ती वही चाळा. जुलैत तोंड न उघडणारं पोर मार्चमध्ये काय करत होतं ते तिथे तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल. प्रभू काम करत होता आणि तुम्ही तिथे हजर होता, ह्याचा तो पुरावा.

चौथी पायरी: वर्षाची आखणी मुलांच्या वेळापत्रकावर करा

दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचा, काळही साधारण तेव्हाच असतो. त्या दिवसांत दर शुक्रवारी उपासनेला मुलं का दिसत नाहीत म्हणून चिडण्यात अर्थ नाही. ह्या दोन महिन्यांत सभा आवरती घ्या आणि भेटी वाढवा. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी दहा मिनिटांसाठी घरी जाऊन, उंबऱ्यातच उभं राहून केलेली प्रार्थना ते मूल वर्षानुवर्षं विसरत नाही. मोठ्यांना आवर घालणं हेही तुमचंच काम. ‘आमच्या मंडळीचं नाव काढ’ असं ओझं परीक्षेच्या तोंडावर कोणी मुलावर टाकू नये.

निकालाच्या दिवशी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. पेढे वाटणाऱ्यांकडे सगळेच जातात. तुम्ही नापास झालेल्याच्या किंवा अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण पडलेल्याच्या घरी आधी जा. उपदेश नको. पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी आणि कुठे भरायचा एवढी माहिती घेऊन जा आणि चहा पिऊन या. रविवारी वेदीजवळ फक्त उत्तीर्णांचा सत्कार करण्याची प्रथा असेल तर पाळकसाहेबांशी बोला. नापास झालेली मुलं त्या रविवारी मागच्या बाकावर बसतात, आणि पुढच्या रविवारपासून तिथेही दिसत नाहीत.

बारावीनंतर आपल्याकडची बरीच मुलंमुली नर्सिंग, आयटीआय किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्या-मुंबईला जातात. घर सुटतं तेव्हा मंडळीही सुटते. ती सुटू नये म्हणून एक छोटं काम करा: मूल निघण्याआधी तिथल्या एखाद्या मंडळीतल्या तुमच्यासारख्याच ताई-दादाचा नंबर मिळवा आणि मुलाच्या परवानगीने ओळख करून द्या. नुसतं ‘तिथे चर्चला जात जा’ म्हटल्याने कोणी जात नाही. स्टेशनवर घ्यायला कोणी आलं तर जातात.

पाचवी पायरी: सभेत प्रश्नांना जागा द्या

सव्वा तासाची सभा पुरते. दोन गीतं, एक छोटा उतारा मुलांनी स्वतः वाचलेला, पंधरा मिनिटांहून कमी शिकवण, मग बोलणं, शेवटी लहान गटांत प्रार्थना. प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने खाली पडला. पौलाने त्याला दोष दिला नाही. खाली उतरून त्याला कवेत घेतलं. दमलेलं मूल डुलक्या घेत असेल तर त्याला सगळ्यांसमोर उठवू नका.

खरा वेळ प्रश्नांना द्या. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, असं लूक सांगतो. आपल्या मुलांचे प्रश्न पुस्तकी नसतात. अकरावीतली एखादी मुलगी विचारते, ‘ताई, कॉलेजात मैत्रिणी म्हणतात, तुम्ही इंग्रजांचा धर्म घेतला. मी काय सांगू?’ हा प्रश्न मराठी ख्रिस्ती घरातल्या जवळजवळ प्रत्येक मुलापुढे कधी ना कधी येतो. घाईने उत्तर देऊ नका. आधी विचारा, ‘तुला ते ऐकून कसं वाटलं?’ मग सावकाश सांगा. येशू आशियातल्या बेथलेहेमात जन्मला. केरळातले ख्रिस्ती आपली परंपरा थेट थोमा प्रेषितापासून सांगतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर ख्रिस्ताविषयी अभंग रचले, कीर्तनं केली. पंडिता रमाबाईंनी केडगावात मुक्ती मिशन उभं केलं आणि आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घातली. टिळक आणि रमाबाई, दोघांनीही मराठीपण टाकलं नाही. एवढं झालं की तिला एक काम द्या: घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायचं, आपल्या घराण्यात पहिल्यांदा प्रभूला कोणी मानलं आणि का? पुढच्या रविवारी ती जे सांगेल ते तुमच्या उत्तराहून मोलाचं असेल.

दुसऱ्या धर्मांतले मित्रमैत्रिणी सभेला येऊ लागले तर त्यांचं स्वागत करा, पण त्यांच्या आईवडिलांना ते ठाऊक असू द्या. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत काहीही आडून होता कामा नये.

सहावी पायरी: दूर गेलेल्याला धरून ठेवा

पंफुल्यातून अर्ध्यावर परत गेलेल्या तरुण मार्काला पुढच्या प्रवासात न्यायला पौल तयार नव्हता. त्याचा सोबती बर्णबा मार्कासाठी अडून बसला. वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले आणि बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौलच म्हणतो की मार्काला सोबत आण, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधली कितीतरी वर्षं बर्णबाच्या बाजूने बोलणारी कोणतीच गोष्ट दिसत नव्हती.

एखादा मुलगा यायचा बंद झाला तर आठ-दहा दिवसांत एकदा भेटायला जा. ‘चर्चला का येत नाहीस?’ हा प्रश्न त्या भेटीत विचारायचाच नाही. त्याची गाडी, क्रिकेट, नोकरीचं काय चाललंय ते बोला. मग महिन्यातून एखादा मेसेज, वाढदिवसाला फोन, घरी जेवायला बोलावणं. जेवणाला फार मोठी ताकद आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळालेले त्र्यंबक ठोंबरे पुढे अहमदनगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी राहिले, आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या मुलासारखं वागवलं. ठोंबरे ख्रिस्ती नव्हते. त्यांच्या ताटात वाढताना लक्ष्मीबाईंनी तो हिशोब केला नाही. तरुणांना जीव कसा लावायचा ह्याचं आपल्याच भाषेतलं, आपल्याच नगरच्या मातीतलं हे उदाहरण आहे.

सातवी पायरी: सुरक्षिततेचे नियम लिहून काढा

इथे भिडस्तपणा चालणार नाही. एका प्रौढाने एका मुलाला किंवा मुलीला बंद खोलीत एकटं भेटायचं नाही. व्हरांड्यात, दिसेल अशा जागी बोला. रात्री उशिरा खासगी मेसेज नकोत. शिबिराला पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलींसोबत मुक्कामाला स्त्री सेविका असू द्या. सभेनंतर मुली घरी कशा जाणार हे ठरल्याशिवाय सेवकाने निघू नये. हे नियम दोन सेवकांनी आणि पाळकांनी सही करून फळ्यावर लावावेत. त्याने मुलं सुरक्षित राहतात, सेवकही निर्धास्त होतो.

एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर शांतपणे ऐका, उलटतपासणी करू नका, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१२चा पोक्सो कायदा आहे. त्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती कळलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला दिलीच पाहिजे; न देणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मंडळीची अब्रू जाईल म्हणून आपसांत मिटवणं हे कायद्याविरुद्ध आहे, आणि देवाच्या लेकराविरुद्धही. मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे.

‘जगावंसं वाटत नाही’ असं कोणी म्हटलं तर त्याला भावनेचा भर समजू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. प्रार्थना जरूर करा, आणि गोळ्या सुरू असतील तर ‘विश्वास ठेव, गोळ्या बंद कर’ असं कोणालाही म्हणू देऊ नका.

पाळक आणि पंचांसाठी

तरुण सेवकाला धीर देणं फार स्वस्त आहे. वार्षिक अंदाजपत्रकात तरुण संघासाठी एक ओळ ठेवा. रिक्षाचं भाडं, झेरॉक्स आणि बिस्किटांचे पैसे त्याने स्वतःच्या खिशातून घालू नयेत. गोंगाटाची तक्रार आली तर त्याला सगळ्यांदेखत न बोलता आधी एका सभेला जाऊन बसा. पंचकमिटीत त्याचा विषय शेवटी, सगळे उठायच्या घाईत असताना घेऊ नका. आणि वर्षातून एकदा त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहा. पौल रोमच्या मंडळीला लिहिताना शेवटी एकेकाचं नाव घेऊन कोणी काय श्रम केले ते सांगतो. तुमच्या पत्रातही तसं नेमकं काहीतरी असावं: ‘गुड फ्रायडेला तुझ्या मुलांनी वाचन केलं, त्यासाठी तू तीन शनिवार त्यांच्याकडून तयारी करून घेतलीस, ते मी पाहिलं.’

शेवटची पायरी: पुढचा सेवक तयार करा

हे काम निघायची वेळ आल्यावर नाही, दुसऱ्याच वर्षी सुरू करायचं. संघातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या एखाद्या मुलामुलीला निवडा. पहिला महिना तुमच्या शेजारी बसून पाहायचं. दुसऱ्या महिन्यात अर्धी सभा त्यांची. तिसऱ्या महिन्यात सभा पूर्ण त्यांची, आणि तुम्ही मागे बसायचं. ते चुकतील तेव्हा मध्ये बोलायचं नाही. जे सांगायचं ते नंतर, एकांतात, आणि आधी काय चांगलं झालं ते सांगून. त्यांच्या वाट्याला लगेच दोन नावं द्या आणि त्यांची स्वतःची वही सुरू करून द्या. मे महिन्यात हे ठरलं तर बरं, कारण जूनमध्ये शाळा उघडतात, संडे स्कूलमधून नवी मुलं वर येतात, आणि आठवीतल्या मुलाशी बोलायला अठरा वर्षांचा दादा आपल्यापेक्षा पुष्कळदा जास्त उपयोगी पडतो.